संविधानक आणि संदेश

दिल्लीच्या ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो, तेथील मराठी मंडळींचे एक लहानसे मंडळ आहे. गणेशोत्सवात एक एकांकिका बसवावी, कोजागरीला दूध आटवावे आणि वर्षातून एकदा वर्गणीवरून भांडावे, एवढेच त्याचे कार्य. या मंडळाच्या एकांकिकेत गेली चार-पाच वर्षे नायकाचे काम करणारा एक तरुण गेल्या हिवाळ्यात रात्रपाळी आटोपून दुचाकीवरून घरी येत असता अपघातात दगावला. हेल्मेट त्याच्याजवळ होते, पण डोक्यावर नव्हते. ते गाडीच्या आरशाला अडकवलेले होते.

यंदाची एकांकिका याच विषयावर व्हावी असे बैठकीत ठरले आणि लेखनाचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही पदवीधर असून कचेरीत आमच्या टिपण्या बऱ्या समजल्या जातात, हीच काय ती आमची पात्रता. पंधरा दिवसांत आम्ही एकांकिका लिहिली आणि वाचून दाखविली. तीत एक विवेकी वडील होते, एक बेफिकीर मुलगा होता, एक वाहतूक-पोलीस होता आणि चवथ्या पानापासून तिघेही परिपत्रकाच्या भाषेत बोलू लागले होते. वाचन संपल्यावर त्या तरुणाचे वडील (ते आमच्याच एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो) सावकाश म्हणाले, “तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. पण हे ऐकायला तो बसला नसता.”

या एका वाक्याने आमची एकांकिका निकालात निघाली. आणि मग, नवे लिहिण्याआधी, लोकांनी सुखरूप राहावे म्हणून गोष्ट सांगणाऱ्यांना हाताशी धरण्याचे प्रयत्न आजवर कोणी कसे केले, त्यांना यश कितपत आले, हे पाहण्याच्या नादास आम्ही लागलो. या पत्राचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच कागदाच्या दुनियेतले. शासनाच्या इच्छेचे लोकांच्या सवयीत रूपांतर होताना वाटेत काय काय घडते, याचे कुतूहल त्यांनाही असेल, या भरवशावर हे लिहीत आहोत.

प्रारंभ इंग्लंडापासून करणे सोयीचे. महायुद्ध संपले होते, पण शिधावाटप संपले नव्हते. शेतीचे उत्पन्न वाढविणे ही सरकारची निकड होती आणि नभोवाणीवरील शेतीविषयक भाषणे शेतकरी ऐकत नव्हते. १९४८ साली बर्मिंगहॅम येथे बीबीसीचे अधिकारी व शेतकरी यांची एक बैठक भरली. त्या वेळी ‘डिक बार्टन’ नावाच्या गुप्तहेराची रोमांचकारी श्रुतिकामाला घरोघर ऐकली जात असे. हेन्री बर्ट नावाचा एक शेतकरी उठला आणि आम्हांला हवा आहे तो शेतकऱ्यांचा डिक बार्टन, अशा अर्थाचे काही बोलला. सभेत हशा पिकला म्हणतात. परंतु गॉडफ्री बेझली या अधिकाऱ्याने ते बोलणे मनावर घेतले. १९५० साली मिडलंड्स विभागापुरता आठवडाभराचा प्रयोग झाला आणि १ जानेवारी १९५१ पासून ‘द आर्चर्स’ ही मालिका देशभर ऐकू येऊ लागली. एका काल्पनिक खेड्यातील एका शेतकरी कुटुंबाची ती कथा. पीक, खत, जनावरांचे रोग यांविषयीची माहिती गप्पांच्या ओघात येई आणि तिच्यामागे शेतकी खात्याचा सल्ला असे. तो औपचारिक संबंध १९७२ साली संपला. मालिका मात्र अजून चालू आहे. सल्ला गेला आणि कथा उरली, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

आपल्याकडे याच सुमारास, १९५६ साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत एक प्रयोग केला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, नंतर त्यावर चर्चा करावी आणि जमल्यास काही करून दाखवावे, अशी ती योजना होती. तिचा गाजावाजा जगभर झाला. पण तेथे भर चर्चेवर होता. गोष्टीची शक्ती काय असते हे दिसायला पेरू देशातील एक मोलकरीण कारणीभूत झाली, तीही खोटी.

१९६९ साली पेरूच्या दूरचित्रवाणीवर ‘सिंप्लेमेन्ते मारिया’ ही मालिका सुरू झाली. डोंगरी भागातून शहरात आलेली एक गरीब मुलगी धुणीभांडी करते, फसवली जाते, रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकते, शिवणयंत्रावर शिवू लागते आणि शेवटी नामांकित वेशभूषाकार होते. या मालिकेच्या निर्मात्यांना समाजसुधारणा करावयाची नव्हती. त्यांना प्रेक्षक हवे होते. पण मालिका लॅटिन अमेरिकेतील ज्या ज्या देशांत दाखविली गेली तेथे तेथे घरकाम करणाऱ्या मुली शिवणाच्या वर्गांना जाऊ लागल्या आणि शिवणयंत्रांचा खप वाढला. सिंगर कंपनीने तर नायिकेचे काम करणाऱ्या नटीला सोन्याचे एक छोटेसे शिवणयंत्र भेट दिले. व्यापाऱ्याला जे कळायला वेळ लागत नाही, ते शासनाला कळायला काही वर्षे लागतात.

मेक्सिकोतील नाट्यदिग्दर्शक मिगेल साबिदो याने मात्र हे नेमके हेरले. अपघाताने जे घडले ते हेतुपूर्वक घडविता येईल काय, असा प्रश्न त्याने स्वतःस घातला. माणूस दुसऱ्याचे पाहून शिकतो हा आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत त्याने हाताशी घेतला आणि आपल्या कथांत तीन प्रकारची पात्रे योजली: एक सुमार्गावरचे, एक कुमार्गावरचे आणि तिसरे दोहोंमध्ये हेलकावे खाणारे. प्रेक्षक खरा जडतो तो या तिसऱ्याला, कारण तो त्याच्यासारखाच असतो. १९७५–७६ मध्ये त्याची प्रौढ साक्षरतेवरील ‘वेन कोन्मिगो’ ही मालिका चालू असता, साक्षरतेची पुस्तिका फुकट कोठे मिळेल हे एका भागाअखेर सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी राजधानीतील त्या केंद्रापाशी सुमारे पंचवीस हजार माणसे लोटली आणि रहदारी ठप्प झाली. आदल्या वर्षी साक्षरतावर्गांत नाव घालणारे एक लाखाच्या आत होते. मालिकेच्या वर्षी ती संख्या नऊ लाखांच्या घरात गेली. पुढे १९७७–७८ मध्ये कुटुंबनियोजनावरील मालिका आली, आणि तिने दिल्लीचे लक्ष वेधून घेतले.

येथे एक मराठी माणूस कथेत प्रवेश करतो. त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ साली मेक्सिकोला गेले होते आणि तेथून ही कल्पना घेऊन आले, असे सांगितले जाते. पुढे खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ती उचलून धरली. मनोहर श्याम जोशी यांना लेखनासाठी पाचारण करण्यात आले. (आडनाव पाहून आपल्यापैकी कोणी हुरळून जाऊ नये; हे जोशी कुमाऊँकडचे.) ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. आमचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे हे सारे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले, पुस्तकांत वाचले आणि जुने भाग मिळाले तेवढे पाहिले.

प्रारंभीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा संदेश ठासून भरला होता. लोक कंटाळले, तक्रारी येऊ लागल्या. म्हणजे आमच्या एकांकिकेचेच दुखणे, फक्त राष्ट्रीय प्रमाणावर. जोशींनी मग लगाम सैल सोडला. संदेश मागे सरला, आणि बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे ही भावंडे, दारूडा बाप बसेसर राम आणि सोशिक आई भागवंती ही माणसे पुढे आली. उत्तर भारतात दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी ६५ ते ९० टक्के लोक ही मालिका पाहू लागले. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येत, घडलेल्या गोष्टीवर दोन शब्द बोलत आणि निरोप घेताना ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारीत. दूरदर्शनकडे प्रेक्षकांची चार लाखांच्या आसपास पत्रे आली. बडकीने लग्न कोणाशी करावे, याविषयीही लोकांनी कळकळीने लिहिले.

या यशाचे दोन पैलू मात्र विचार करायला लावणारे आहेत. पहिला असा की, मालिकेस पुरस्कार होता नेस्ले समूहातील कंपनीच्या मॅगी शेवयांचा. कुटुंबे किती लहान झाली हे मोजणे अवघड, पण शेवया घरोघर गेल्या याविषयी दुमत नाही. पुढे दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांची जी रांग लागली तिची वाट येथूनच मोकळी झाली. दुसरा पैलू अधिक गंभीर आहे. भागवंती ही लेखकाच्या मते इशारा होती: निमूटपणे सोसणाऱ्या स्त्रीची काय दशा होते ते पाहा, असे तिच्याकरवी सुचवायचे होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांची पाहणी केली तेव्हा आढळले की, बऱ्याच स्त्रियांना भागवंती अनुकरणीय वाटली होती! सहानुभूतीच्या पात्राचे अनुकरण होते. लेखकाने त्याच्या कपाळी ‘हे करू नये’ असे लिहिले असले तरी प्रेक्षक ते वाचत नाही.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपल्या रंगभूमीने हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, १९१९ च्या फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. (महाराष्ट्राबाहेर, हे आपण परस्थांनी विसरू नये.) मद्यपानाने एका बुद्धिमान वकिलाच्या घराची राखरांगोळी कशी होते हे दाखविणारे याहून प्रभावी नाटक आपल्या भाषेत नाही. परंतु प्रेक्षक घरी काय घेऊन गेले? बालगंधर्वांच्या सिंधूचे फाटके लुगडे आणि तिची अढळ पतिभक्ती. हसू आणले ते तळीरामाने, आणि त्याच्या नावाने आज आपण दारुड्याला ओळखतो तेही कौतुकानेच. सुधाकराला आवरायला हवे होते, सिंधूने घर सोडायला हवे होते, असे म्हणत थिएटराबाहेर पडलेला प्रेक्षक विरळा. गडकऱ्यांच्या प्रतिभेला यात उणेपणा नाही. किंबहुना प्रतिभा जितकी थोर तितके पात्र हाताबाहेर जाण्याचा संभव अधिक, असे आमचे मत झाले आहे.

आकाशवाणीच्या हिंदी केंद्रांवरून १९९६–९७ मध्ये ‘तिनका तिनका सुख’ नावाची श्रुतिमाला झाली. तिचा परिणाम म्हणून उत्तर प्रदेशातील लुत्सान या खेड्यातील १८४ गावकऱ्यांनी हुंडा देणार नाही, घेणार नाही अशा प्रतिज्ञेच्या पत्रावर सह्या केल्या आणि ते पत्र दिल्लीला पाठविले. संशोधक तेथे गेले, राहिले, आणि गावातील बदलाची वाट सरळ नसून विसंगतींनी भरलेली आहे असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. त्या पत्राविषयी आम्हांस आदर आहे, कारण ते कोणी पाठविलेल्या नमुन्यावरून लिहिलेले नव्हते. आमच्या कचेरीत दर वर्षी रस्ता-सुरक्षेची जी प्रतिज्ञा आम्ही उभे राहून म्हणतो तिचा नमुना वरून येतो. म्हणून झाल्यावर अहवाल पाठवावा लागतो. तो पाठविण्याचे काम दोन वर्षे आमच्याकडेच होते, आणि अहवाल टपालात टाकून परतताना आम्ही एका सहकाऱ्याच्या मागे बिनहेल्मेटचे बसून आलो होतो, हेही कबूल केले पाहिजे.

आता ज्या प्रयोगाने आम्हांस सर्वांत अधिक शिकविले त्याकडे वळतो. अमेरिकेत दारू पिऊन गाडी हाकण्याने दर वर्षी हजारो माणसे मरत. १९८० साली, अशाच एका अपघातात मुलगी गमावलेल्या मातेने कॅलिफोर्नियात चळवळ उभारली. १९८४ साली मद्यपानाचे किमान वय एकवीस करावे म्हणून केंद्रीय कायदा झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील जे विन्स्टन या गृहस्थांनी १९८८ च्या अखेरीस निराळा मार्ग धरला. स्कँडिनेव्हियात एक रीत होती: मित्रमंडळी प्यायला बसली की त्यांतल्या एकाने त्या रात्रीपुरते प्यायचे नाही आणि सर्वांना सुखरूप घरी पोचवायचे. ही रीत अमेरिकेत रुजवायची असे विन्स्टननी ठरविले, आणि ते थेट हॉलिवुडला गेले. एनबीसी या दूरचित्रवाणी-संस्थेचे माजी प्रमुख ग्रँट टिंकर यांनी त्यांच्यासाठी दारे उघडली. अडीचशेहून अधिक लेखक-निर्मात्यांना विन्स्टन भेटले.

त्यांनी मागितले काय, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी या विषयावर स्वतंत्र भाग लिहा असे म्हटले नाही. पिण्याचे प्रसंग गाळा, असेही म्हटले नाही. संविधानकास धक्का न लावता, जेथे सहज बसेल तेथे, एखाद-दुसरे वाक्य घाला, एवढीच विनंती. निघताना कोणी तरी विचारावे, आज गाडी कोण चालवणार? आणि दुसऱ्याने म्हणावे, मी. मी घेतलेली नाही. झाले! ‘चिअर्स’ (ही तर मद्यगृहातच घडणारी मालिका, आणि ते मद्यगृह हार्वर्डच्या नदीपलीकडच्या बॉस्टनमधले), ‘एल. ए. लॉ’, ‘द कॉस्बी शो’ अशा लोकप्रिय मालिकांतून ही वाक्ये येऊ लागली. चार हंगामांत दीडशेहून अधिक भागांत ती आली. १९९१ साली ‘नेमलेला सारथी’ या अर्थाचा तो शब्दप्रयोग इंग्रजी कोशात दाखल झाला. पुढील काही वर्षांत दारूपायी होणारे अपघाती मृत्यू खरोखरच घटले. कायदे, पोलिसांची तपासणी, मातांची चळवळ यांचा त्यात मोठा वाटा होता, हे उघड आहे. कोणाचे श्रेय किती हे वजनकाट्यावर ठरण्यासारखे नाही. आक्षेपही निघाले. एकाने न पिण्याचे ठरविले म्हणजे उरलेल्यांना अधिक पिण्याची मुभाच की! मद्यव्यवसायाने ही कल्पना उत्साहाने उचलली यातही काही अर्थ असणारच. तरी पण शिंग्या उगारून नव्हे, तर लेखकाच्या दारी याचकासारखे जाऊन केलेले हे काम आम्हांस शहाणपणाचे वाटते. लेखकाला ‘हे करू नकोस’ म्हटले की तो हटून बसतो. ‘एवढे जागा दे’ म्हटले की बहुधा देतो.

याच्या उलट मार्ग आपण सिगारेटच्या बाबतीत धरला. मे २००५ मध्ये आरोग्य मंत्रालयाने चित्रपटांत धूम्रपानाची दृश्ये दाखविण्यास बंदी करणारा नियम काढला. मंत्रालयाचा हेतू वावगा नव्हता. पडद्यावरील धूम्रपान पाहून तरुण त्याकडे वळतात, असा स्पष्ट निष्कर्ष पुढे २०१२ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही काढला. पण महेश भट्ट न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी अविष्कारस्वातंत्र्यावरील घाला ठरवून रद्द केली. मग नियम नव्याने घडविण्यात आले आणि २ ऑक्टोबर २०१२ पासून आजची व्यवस्था आली: आरंभी आणि मध्यंतराच्या सुमारास इशाऱ्याच्या चित्रफिती, आणि दृश्य चालू असता पडद्याच्या तळाशी ओळ. २०१३ साली वुडी ॲलनने या ओळीपायी आपला ‘ब्लू जास्मिन’ भारतात दाखविण्याचेच नाकारले. थिएटरात बसून आम्ही पाहतो तो या चित्रफिती लागल्या की लोक लाह्या आणायला उठतात, आणि त्यांतील वाक्ये कॉलेजची मुले नकलेसाठी म्हणतात. पूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट सक्तीने दाखवीत तेव्हाही लोक मुद्दाम उशिरा येत, असे अण्णा सांगतात.

गोष्ट सांगावी तर तीही जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ मोटार-अपघातात अंत झाला. मागच्या आसनावर त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. देश हळहळला. त्याच महिन्यात परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी मोटारीतील सहा हवापिशव्यांचा पुरस्कार करणारी एक छोटी जाहिरात प्रसृत केली. तीत सासरी निघालेल्या मुलीला वडील मोटारीतून पाठवीत आहेत आणि अक्षयकुमार त्यांना हवापिशव्यांची आठवण देत आहे, असा प्रसंग होता. लोकांनी हवापिशव्या पाहिल्याच नाहीत. त्यांनी पाहिली ती वधूबरोबर दिलेली मोटार, आणि सरकार हुंड्याची जाहिरात करते असा गिल्ला झाला. एका गडकऱ्यांच्या सिंधूचे जे झाले तेच दुसऱ्या गडकऱ्यांच्या मोटारीचे झाले, असे आम्ही मंडळात म्हटले तेव्हा हशा झाला खरा. पण अण्णा हसले नाहीत.

त्या २०२२ सालात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हे आकडे शासनाच्याच अहवालातले आहेत. आमच्यासारख्याच कोणा कारकुनाने ते रकान्यात भरले असतील, बेरीज तपासली असेल आणि खाली आद्याक्षरे केली असतील.

आमची एकांकिका आम्ही पुन्हा लिहिली आहे. तीत आता पोलीस नाही. घराच्या वाटणीवरून दोन भावांत चाललेल्या भांडणाची ती गोष्ट आहे, विनोदी म्हणावी अशी. धाकटा भाऊ दोनदा रागाने घरातून निघून जातो. दोन्ही वेळा वहिनी बोलणे न थांबवता खुंटीवरचे हेल्मेट काढून त्याच्या हातात देते, तो भांडत भांडतच ते चढवतो, बंद लावतो आणि जातो. त्याविषयी एक अक्षरही कोणी बोलत नाही. गेल्या रविवारी वाचन झाले. मंडळी हसली. अध्यक्षांनी मात्र चष्मा पुसत विचारले, “ते सगळं ठीक आहे हो, पण संदेश कुठे आहे?” काहींचे म्हणणे पडले की शेवटी एकाने पुढे येऊन प्रेक्षकांना चार शब्द सांगावे, काहींनी अशोककुमारांचा दाखला दिला, आणि तो दाखला आमच्याच तोंडून त्यांनी ऐकलेला असल्याने आम्हांला उत्तर सुचेना. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. अण्णांनी मत दिले नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले की, प्रयोगासाठी खुंटीवर अडकवायला हेल्मेट कोणाचे आणणार आहात; त्यांच्या घरी एक आहे.